आंबियाची नवती, सायला आणि सफरचंदाचा तक्ता

काटोल तालुक्यातल्या एका तरुण बगीचेवाल्याने प्रश्न पाठवला आहे. सहा वर्षांचा संत्र्याचा बगीचा, जंबेरी खुंटावरची कलमं, मध्यम काळी जमीन. आंबिया, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार, धरलाय. डिसेंबरात ताण दिला (पाणी तोडलं), जानेवारीच्या मध्यात पाणी सोडलं आणि आता "नवती आणि कळी सोबतच निघून राहिली" (नवती म्हणजे नवी कोवळी फूट). काही शेंडे वाकडे झालेत, त्यांवर पांढरे धागे दिसताहेत. त्यात सिमल्याकडे बाग असलेल्या मित्राने सफरचंदाच्या वसंतातल्या फवारण्यांचा तक्ता पाठवला. "असाच तक्ता संत्र्यासाठी करून द्या, म्हणजे तारीख पाहून औषध मारत जाईन," असं त्यांचं म्हणणं.

भाऊ, तो तक्ता पुन्हा एकदा नीट वाचा. त्यात तारीख एकही नाही. चंदेरी टोक, हिरवं टोक, गुलाबी कळी, पाकळ्या गळणं, वाटाण्याएवढं फळ, अक्रोडाएवढं फळ, असे टप्पे आहेत. तिकडच्या बागवानाला ठाऊक असतं की खालच्या आणि वरच्या पट्ट्यातल्या बागा एकाच आठवड्यात फुलत नाहीत. सफरचंदावरच्या स्कॅबची बुरशी हिवाळा काढते ती झाडाखाली पडलेल्या जुन्या पानांत. वसंतात पाऊस पडला की तिचे बीजाणू उडतात आणि नुकत्याच उमललेल्या पानावर बसतात. औषध त्याआधी पानावर पोचायला हवं, म्हणून हिरव्या टोकाची फवारणी. सॅन होजे खवले किडीसाठी तेल मारायचं तर पानं पुरती फुटायच्या आत, फांद्या उघड्या असतानाच. प्रत्येक ओळीमागे कुठल्या तरी शत्रूची कमजोर वेळ आहे. तेवढंच आपण उचलायचं. त्यातली औषधं आपल्या कामाची नाहीत. स्कॅब आपल्याकडे नाही, आणि आपला फेब्रुवारी-मार्च कोरडा. या दिवसांत नागपूरच्या संत्र्याला बुरशीपेक्षा जास्त त्रास किडींचा असतो, आणि त्यात पहिला नंबर सायलाचा, म्हणजे कोवळ्या फुटीचा रस पिणाऱ्या बारीक किडीचा.

तुमचे वाकडे शेंडे आणि पांढरे धागे म्हणजे बहुतेक सायलाच. खात्री करायला दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. कृषी केंद्रात नसेल तर शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं. अर्धवट उघडलेल्या कोवळ्या पानाची घडी बोटाने उलगडा. बदामाच्या आकाराची, पिवळसर-नारिंगी बारीक अंडी घडीत खोचल्यासारखी दिसतील. थोड्या जुन्या शेंड्यावर चपटी, पिवळट पिल्लं चिकटून बसलेली असतात. ती रस पितात आणि मागून मेणचट पांढरा धागा सोडतात. तुम्हाला दिसले ते हेच. प्रौढ तीन-चार मिलिमीटरचा, तपकिरी ठिपक्यांच्या पंखांचा. तो पानावर डोकं खाली आणि बूड वर करून तिरका बसतो, मावा असा बसत नाही. एकदा ही बसण्याची तऱ्हा ओळखीची झाली की चालता चालताही सायला दिसतो. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर ती कुठल्या शेंड्यावर जाते ते पाहा. चिकट गोड पाण्याच्या मागावर असतात त्या, तुम्हाला नेमक्या जागी नेतील.

आता यातली मुख्य गोष्ट. सायलाची मादी अंडी घालते ती फक्त कोवळ्या फुटीवर. पान पसरून कडक झालं की ती त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. म्हणजे नवती नाही तर नवी पिढी नाही. एक मादी शेकडो अंडी घालू शकते आणि हवा गरम झाली की अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत उरकतो. म्हणून नवती एक-दोन सेंटिमीटरची असताना केलेलं काम आणि ती बोटभर झाल्यावर केलेलं काम यांत फार फरक पडतो. शेंडा वाकडा झाला म्हणजे पिल्लं तिथे बरेच दिवस जेवून बसलीत. तो शेंडा औषधाने सरळ होत नाही.

आंबियात पेच असा की नवती आणि फूल एकत्रच येतं. पावसाळ्याच्या मृग बहारातही येतं, पण आंबियाला उन्हाळा तोंडावर असतो आणि मधमाश्याही बगीच्यात भरपूर असतात. फूल उमललेलं असताना इमिडाक्लोप्रिड किंवा थायोमेथोक्झामसारखं आंतरप्रवाही औषध मारू नये. ते झाडाच्या रसात भिनतं, तिथून फुलाच्या मधात आणि परागात उतरतं. कळी टम्म फुगल्यावरही मी ते मारू देत नाही. सफरचंदवाल्यांच्या तक्त्यात फुलोऱ्याच्या ओळीत कीटकनाशक नसतं ते याच कारणाने. आपलीही ओळ तशीच कोरी ठेवायची.

मग करायचं काय? नवती फुटायला लागली आणि कळ्या अजून मोहरीएवढ्या आहेत, तेव्हा पहिली फवारणी निंबोळी तेलाची: १० लिटर पाण्याला १०० मि.लि., सोबत चांगलं स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य), संध्याकाळी ऊन उतरल्यावर. तेल पाण्यात नीट मिसळलं नाही तर वर तरंगतं आणि शेवटच्या पंपात सगळं एका झाडावर पडून पानं करपतात. म्हणून आधी थोड्या पाण्यात स्टिकरसोबत घोटून दुधासारखं करून घ्या. फुलोरा पूर्ण चालू असताना कीटकनाशक नाही. पाकळ्या बऱ्यापैकी गळाल्या आणि माश्यांची ये-जा थांबली की इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, १० लिटरला ५ मि.लि. त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी शेंडे पुन्हा तपासा. जिवंत पिल्लं दिसली तरच पुढची फवारणी, आणि तीही दुसऱ्या गटातली. तुमच्याकडे आज फुलं किती टक्के उघडलीत ते तुम्ही लिहिलेलं नाही. कळीच असेल तर निंबोळी तेल याच आठवड्यात मारा. बगीचा पांढरा झाला असेल तर थांबा, आणि जास्त बिघडलेले शेंडे हाताने खुडून पिशवीत भरून बाहेर न्या. सहा वर्षांच्या झाडांवर हे जमतं. दोन बाया अर्ध्या दिवसात बरंच काम उरकतात.

दुसऱ्या गटातली म्हणजे काय, हेही सांगतो, कारण इथे सर्रास गफलत होते. इमिडाक्लोप्रिड मारून झालं, पुढच्या वेळी दुकानदाराने थायोमेथोक्झाम दिलं, तर बाटली बदलली, गट तोच राहिला. एकाला सरावलेला सायला दुसऱ्यालाही दाद देत नाही. बदलायचं तर पुन्हा निंबोळी तेल; पूर्वीचं डायमेथोएट नको, २०२३ च्या आदेशाने कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळांवर त्याला बंदी आहे. दुकानात जाताना बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचू नका, खालचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा.

आणि कॉकटेल बंद करा. एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, एक टॉनिक, एक विद्राव्य खत, वरून "फुलासाठी" काहीतरी, असे पाच डबे एका ड्रममध्ये रिकामे होताना मी पाहतो. कुणाचं कुणाशी जमतं ते कुणी बघत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपल्याच विदर्भात. संत्र्याच्या झाडावर फवारा डोक्याच्या वर जातो आणि खाली आपल्याच अंगावर येतो. तोंडाला ओला रुमाल म्हणजे मास्क नव्हे. उलट ओल्या कापडात औषध मुरून ते नाकापाशी राहतं.

औषधांचं एवढं सांगितलं, तरी माझ्या मते सायलाचा अर्धा बंदोबस्त पाण्याच्या आणि युरियाच्या हातात आहे. ताण बरोबर बसला तर झाड एकदम फुटतं, नवती पंधरा-वीस दिवसांत एकसारखी येते आणि पिकते. ताण कच्चा राहिला तर चार झाडं आज, चार पुढच्या आठवड्यात, बाकी मार्चमध्ये. सायलाला कायम कुठेतरी कोवळं पान मिळत राहतं आणि तुम्ही त्याच्या मागे पंप घेऊन फिरता. हलक्या-मध्यम जमिनीत ३० ते ४५ दिवसांचा ताण पुरतो, भारी काळीत जास्त लागतो. ताण सोडतानाही पहिलं पाणी हलकं, मग बेताने वाढवत न्यायचं. फळ धरल्यावर "झाड हिरवं दिसलं पाहिजे" म्हणून युरियाचा हात सैल सोडला की बिनकामाची नवती निघते. तिच्यामागून सायला येतो, मावा येतो, नागअळी येते. मावा ट्रिस्टेझा विषाणूचा वाहक आहे, म्हणजे त्यालाही ते आमंत्रणच.

खोडावर सरळ, जोमाने फुटणारे पाणसोट काढताय ना? बाकी झाड शांत असताना पाणसोट तेवढे कोवळे असतात, आणि सायला तिथे मुक्काम ठोकतो. तेच गोडनिंबाचं. विहिरीपाशी किंवा मळ्यातल्या घराशेजारी कढीपत्त्याचं झाड असतंच, त्यावर सायला सुखाने वाढतो. कुंपणाला लावलेली कुंतीही त्याच्या आवडीची. गोडनिंब तोडा असं म्हणत नाही, घरची बाई ऐकणार नाही. पण फवारणीच्या दिवशी त्यालाही निंबोळी तेल द्या, आणि ती पानं काही दिवस भाजीत घालू नका.

फवारणीआधी मित्रकीटकही मोजा. सायलाच्या पिल्लांमध्ये काही तपकिरी, फुगलेली, पानाला घट्ट चिकटलेली दिसली आणि त्यांच्या पुढच्या भागाला गोल भोक असेल, तर तो टॅमरिक्सियाचा पराक्रम. मुंगीहूनही लहान अशी ही गांधीलमाशीच्या कुळातली माशी पिल्लाच्या पोटाखाली अंडं घालते, तिची अळी पिल्लाला पोखरून खाते आणि तयार झालेली माशी भोक पाडून बाहेर येते. पानाच्या खालून केसाएवढ्या दांड्यावर उभं असलेलं पांढरं अंडं दिसलं तर ते हिरव्या जाळीदार पंखांच्या क्रायसोपाचं. तिची अळी सायलाही खाते आणि मावाही. ढालकिडा तर सगळ्यांनाच माहीत आहे, पण त्याची काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी अळी पाहून "ही कोणती कीड?" असं विचारणारे फोन मला दर फेब्रुवारीत येतात. बहुतेक शेंड्यांवर ही मंडळी कामाला लागलेली असतील तर कडक औषधाची घाई करू नका.

पाकळ्या गळाल्यापासून फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत फुलकिड्यांवर नजर हवी. देठाच्या टोपीखाली बसून ते कोवळी साल खरवडतात. फळ वाढलं की देठाभोवती चंदेरी-पांढरी चकती दिसते. आतल्या फोडीला काही होत नाही, पण मंडीत असा माल वेगळा काढला जातो. ऑक्टोबरात चकती दिसल्यावर विचारून उपयोग नाही, तिची वेळ मार्चमध्येच निघून गेलेली असते. फुलाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. पिवळसर, बारीक, पळणारे किडे पडले तर पाकळ्या गळाल्यानंतरची वरची फवारणी त्यांच्यावरही बसते, वेगळी लागत नाही.

काळ्या माशीचं मात्र वेगळं गणित आहे. आपल्याकडे ज्याला कोळशी म्हणतात ती काळी बुरशी या माशीच्या चिकट पाण्यावर वाढते. लोक काळं पान पाहून बुरशीनाशक मारतात आणि माशी मजेत राहते. मार्च-एप्रिलमध्ये प्रौढ माश्या निघतात आणि पानाच्या मागे चक्राकार अंडी घालतात. औषध मारायचं ते अंडी निम्मी उबल्यावर, मग पंधरा दिवसांनी दुसरं. काळे, चकचकीत, काटेरी कोष झाले की कोणतंही औषध त्यांच्यावरून ओघळून जातं. नागअळीबद्दल फार लिहीत नाही. पानावरची चांदीची वेडीवाकडी रेघ सगळे ओळखतात, आणि सहा वर्षांच्या झाडाला तिचा त्रास रोपवाटिकेतल्या कलमांइतका नसतो. खैऱ्या हा मुख्यतः कागदी लिंबाचा रोग. शेजारी लिंबाची बाग असेल तरच विचार करा. फळाची साल लालसर करणारे लाल्याचे कोळी फळ मोठं झाल्यावर पावसाळ्याच्या पुढे जास्त सतावतात. त्यांच्यासाठी घरात जुना डायकोफॉल पडला असेल तर तो वापरू नका, २०२३ च्या आदेशाने त्यावर बंदी आली आहे. गंधकही मार्चनंतर दुपारी मारू नका. नागपूरचं ऊन चाळिशीकडे जायला लागलं की गंधकाने कोवळं फळ भाजतं. तेलाची फवारणी झालेल्या झाडावर तर गंधक लगेच नकोच.

तुम्ही पिवळ्या पडलेल्या दोन झाडांचा उल्लेख केलाय आणि ग्रीनिंग रोगाची भीती व्यक्त केलीय. सायलामुळे ती भीती रास्त आहे, ग्रीनिंगचा जिवाणू तोच पसरवतो. पण आधी पान हातात घ्या आणि मधल्या शिरेवर दुमडा. जस्ताच्या कमतरतेत शिरांमधला पिवळेपणा दोन्ही बाजूंना सारखा येतो, पानं लहान आणि टोकदार होतात. ग्रीनिंगमध्ये डाव्या-उजव्या बाजूचे डाग जुळत नाहीत, एका अर्ध्यात मोठा धब्बा आणि दुसऱ्यात हिरवं. शिवाय ग्रीनिंग बहुधा एका फांदीवरून सुरू होतं, बाकी झाड ठीक दिसतं. फळ वाकडं, लहान, खालच्या बाजूने हिरवं राहणारं. अर्थात नुसत्या डोळ्यांनी निकाल देऊ नये, जस्ताची कमतरता आणि ग्रीनिंग एकाच झाडावरही असतात. पानं कागदात गुंडाळून नागपूरला अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत घेऊन जा आणि तिथल्या तज्ज्ञांना दाखवा. ग्रीनिंग ठरलं तर झाड काढावं लागतं, त्यावर इलाज नाही. काढायच्या आधी त्यावर फवारणी करा, नाहीतर त्यावरचे सायला उडून शेजारच्या झाडावर जातात. रिकाम्या जागी कलम आणाल ते खात्रीच्या रोपवाटिकेतून, पिशवीतल्या निर्जंतुक मातीत वाढवलेलंच.

बुरशीचा भाग थोडक्यात, पण तो सोडू नका. सल, म्हणजे झाडावरच्या वाळलेल्या काड्या, काढली का, हे तुम्ही लिहिलं नाही. वाळलेल्या काड्यांमध्ये कोलेटोट्रिकम बुरशी राहते आणि तिथून कोवळ्या फळाच्या देठावर उतरते. मग एप्रिलमध्ये फळगळ सुरू झाली की सगळे टॉनिक शोधतात. सल हिरव्या भागासकट दोन-तीन सेंटिमीटर आतून कापायची आणि काड्या बगीच्याबाहेर नेऊन जाळायच्या. आळ्यात ढीग लावून ठेवल्या तर काढल्या आणि न काढल्या सारख्याच. कापलेल्या जागेवर बोर्डो मलम (कृती खाली दिलीय).

ताण सोडल्यावर भरपूर पाणी दिलं जातं, तेव्हा खोडाजवळ पाणी साचलं की डिंक्या रोग आणणाऱ्या फायटोफ्थोराला आयतं निमंत्रण मिळतं. बांधाचं पाणी देत असाल तर दुहेरी आळं करा, आतल्या गोलात पाणी शिरू द्यायचं नाही. ठिबक असेल तर नळ्या खोडापासून लांब सरकवा. खोडावर डिंक दिसला तर धारदार चाकूने रोगट साल पांढऱ्या निरोगी भागापर्यंत खरवडा, एक टक्का पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने जागा धुवा आणि बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. लोखंडी बादलीत करू नका. तयार मलमात स्वच्छ चाकूचं पातं मिनिटभर बुडवून पाहा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. डोळा बांधलेली जागा मातीखाली गेली असेल तर माती आजच ओढून घ्या. खोडावर भुशाची, विष्ठेची जाळी लोंबताना दिसली तर ती साल खाणारी अळी, डिंक्या नव्हे. जाळी झाडूने साफ करा, भोकात तार घालून पाहा आणि पेट्रोलचा बोळा कोंबून मातीने बुजवा.

मार्चमध्ये गारपीट झाली तर वरचं सगळं वेळापत्रक बाजूला. दुसऱ्या दिवशी कॉपर ऑक्सिक्लोराईड, १० लिटरला ३० ग्रॅम. गारांनी फाटलेल्या सालीतून बुरशी शिरायला वेळ लागत नाही. एप्रिल-मेमधल्या गळीसाठी १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम जिबरेलिक ॲसिड आणि एक किलो युरिया. जिबरेलिक ॲसिड पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या. पण ती गळ कीड-रोगाची आहे की पाण्याच्या खंडाची, हे आधी ठरवा. उन्हाळ्यात पाळी चुकली तर कुठलंही ॲसिड फळ धरून ठेवत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, ब्लोअर घेऊ की पंपच बरा. सहा वर्षांच्या झाडांना चांगल्या नोझलचा पंप पुरतो, फक्त फवारणाऱ्या माणसाने नळी खालून वर धरली पाहिजे. काळ्या माशीची अंडी पानाच्या मागे असतात, सायला घडीच्या आत. वरून भिजलेलं, चमकणारं झाड पाहून खूश होऊ नका. चार पानं उलटी करून मागची बाजू ओली झालीय का ते पाहा, मग दुसऱ्या ओळीला जा.